जोडीने चालणारे आकडे

१९९४ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेच्या शिक्षण खात्यातल्या राष्ट्रीय सांख्यिकी केंद्राने देशभरातल्या काही सरकारी शाळा नमुन्यादाखल निवडल्या आणि त्यांना विचारलं, तुमच्या शाळेत इंटरनेट आहे का? ३५ टक्के शाळांमध्ये ते होतं. त्याच पाहणीत पुढचा प्रश्न होता, मुलं जिथे शिकतात अशा खोल्यांपैकी किती खोल्यांमध्ये ते पोचलं आहे? त्याचं उत्तर निघालं ३ टक्के. शाळेच्या इमारतीत शिरलेली तार वर्गाच्या दारापर्यंत आलीच नव्हती.

ही पाहणी पुढे २००३ पर्यंत दरवर्षी आणि मग २००५ मध्ये झाली. एखादी नवी गोष्ट एका अवाढव्य देशाच्या शाळांमध्ये कशी पसरते याचा इतका नीटस हिशेब क्वचितच मिळतो. १९९५ मध्ये निम्म्या शाळांत इंटरनेट आलं, १९९६ मध्ये ६५ टक्के, १९९७ मध्ये ७८, १९९८ मध्ये ८९, १९९९ मध्ये ९५ आणि २००० मध्ये ९८ टक्के शाळांत. त्याच वर्षांत इंटरनेट असलेल्या वर्गखोल्यांचं प्रमाण ३ वरून ८, १४, २७, ५१, ६४ आणि ७७ टक्क्यांवर गेलं. एक रकाना वर चढतो, तसा दुसराही चढतो. ज्याला संख्याशास्त्रात धन सहसंबंध म्हणतात, तो हाच.

वर्तमानपत्रांत अशा जोड्या रोज भेटतात. मोबाइल आणि गुण, झोप आणि वजन, पाऊस आणि कांद्याचा भाव. बातमीत 'संबंध आढळला' एवढं एक वाक्य असतं आणि वाचणाऱ्याच्या मनात तेवढ्यावरच एक कारण तयार होतं. शाळांमधल्या इंटरनेटच्या बाबतीत हे विशेष जपून पाहायला हवं, कारण इथे नुसत्या समजुतीचा प्रश्न नसतो. त्या समजुतीवर सरकारं कोट्यवधी रुपये खर्च करतात किंवा करायचे थांबवतात, आणि दोन्हीचा परिणाम मुलांवर होतो.

जोडी किती घट्ट आहे हे सांगणारा एक आकडा असतो, सहसंबंध गुणांक. कल्पना फ्रान्सिस गॉल्टन यांची. माणसाची उंची आणि त्याच्या हाताची लांबी एकमेकींबरोबर कशा बदलतात यावर त्यांनी १८८८ मध्ये निबंध वाचला होता. आज वापरतात ते सूत्र कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात पक्कं केलं. हा गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये राहतो. अधिक १ म्हणजे दोन्ही आकडे एका सरळ रेषेत बरोबरीने चढतात, उणे १ म्हणजे एक चढला की दुसरा त्याच शिस्तीत उतरतो, आणि शून्याच्या आसपास असेल तर एकावरून दुसऱ्याचा सरळ रेषेतला अंदाज बांधता येत नाही. वर दिलेल्या सात वर्षांचे शाळा आणि वर्गखोल्यांचे आकडे सूत्रात घातले तर उत्तर येतं ०.९३. धन, आणि चांगलंच घट्ट.

सूत्राच्या पोटात काय चालतं ते ऋण सहसंबंधाच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. त्याच केंद्राने १९९८ पासून आणखी एक गोष्ट मोजली, इंटरनेट असलेल्या एका संगणकामागे किती विद्यार्थी आहेत. १९९८ मध्ये ते १२.१ होते. मग ९.१, ६.६, ५.४, ४.८, २००३ मध्ये ४.४ आणि २००५ मध्ये ३.८. वर्गखोल्यांचे आकडे याच वर्षांत ५१ पासून चढत २००१ मध्ये ८७, मग ९२, ९३ आणि शेवटी ९४ टक्क्यांवर पोचले होते. आता दोन्ही रकान्यांची सरासरी काढायची. खोल्यांची सरासरी साधारण ८० टक्के येते, एका संगणकामागच्या विद्यार्थ्यांची ६.६. १९९८ मध्ये खोल्या सरासरीच्या खूप खाली होत्या आणि विद्यार्थी सरासरीच्या खूप वर. एक फरक उणे, दुसरा अधिक, त्यामुळे गुणाकार उणे. २००५ मध्ये उलट झालं, खोल्या सरासरीच्या वर आणि विद्यार्थी खाली. गुणाकार पुन्हा उणे. २००० साली विद्यार्थ्यांचा आकडा नेमका सरासरीवर, ६.६ वर, आहे. म्हणून त्या वर्षाचा गुणाकार शून्य, ते वर्ष तराजूच्या कुठल्याच पारड्यात पडत नाही. सगळ्या वर्षांचे गुणाकार मिळवायचे आणि दोन्ही रकान्यांत मुळात किती चढउतार आहे त्या मानाने ही बेरीज किती मोठी आहे ते पाहायचं. इथे उत्तर येतं उणे ०.९९.

उणे ०.९९ हा आकडा दिसायला जबरदस्त आहे, पण त्यात शोध काहीच नाही. खोल्यांमध्ये इंटरनेट जोडलं की इंटरनेट असलेले संगणक वाढतात, आणि संगणक वाढले की एका संगणकामागे बसणारी मुलं कमी होतात. एकच घटना दोन टोकांनी मोजली आहे. ऋण म्हणजे वाईट असंही नाही. इथला ऋण सहसंबंध मुलांच्या दृष्टीने आनंदाचाच आहे, कारण बारा जणांनी वाट पाहायची ती आता चौघांनी. चिन्ह फक्त दिशा सांगतं. ती दिशा चांगली की वाईट, हे माणसांनी ठरवायचं असतं.

धन सहसंबंधाच्या त्या ०.९३ कडेही जरा निरखून पाहण्याजोगं आहे. १९९४ ते १९९६ या काळात इंटरनेट असलेल्या शाळांचं प्रमाण ३५ वरून ६५ टक्क्यांवर गेलं, तेव्हा खोल्यांचं गेलं फक्त ३ वरून १४ टक्क्यांवर. १९९८ ते २००० मध्ये शाळांचं प्रमाण ८९ वरून ९८ टक्क्यांवर गेलं आणि खोल्यांचं ५१ वरून तब्बल ७७ टक्क्यांवर. आधी इमारतीत एक जोडणी आली, मग ती वर्गावर्गात पसरली. आलेखावर ठिपके मांडले तर सरळ रेघ दिसत नाही, आधी सपाट आणि मग उभा चढ दिसतो. ०.९३ या आकड्यात ही कहाणी दडपून जाते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रँक अन्सकोंब यांनी १९७३ मध्ये चार लहानसे तक्ते मुद्दाम तयार केले. चारींचा सहसंबंध जवळजवळ सारखाच, ०.८२, पण आलेखावर मांडले की एक साधा विखुरलेला, दुसरा वाकलेला, तिसऱ्यात एक ठिपका रेषेपासून भरकटलेला, चौथ्यात एकच ठिपका सगळा सहसंबंध ओढून आणणारा. त्यांचं सांगणं एवढंच होतं की सूत्र लावण्याआधी ठिपके डोळ्यांनी पाहा. पन्नास वर्षांनंतर, जेव्हा संगणकाचं एक बटण दाबलं की गुणांक समोर येतो, तेव्हा हे सांगणं अधिकच गरजेचं झालं आहे.

२००० नंतर अमेरिकेच्या आकड्यांत एक वेगळीच गोष्ट घडली. २००१ मध्ये ९९ टक्के शाळांत इंटरनेट होतं आणि २००३ मध्ये जवळपास सगळ्याच शाळांत. आता कोणी विचारलं की शाळेत इंटरनेट असणं आणि मुलांचे गुण यांचा संबंध काय, तर या रकान्यावरून उत्तर देताच येणार नाही. ज्या गोष्टीत फरकच उरला नाही, तिची जोडी कशाशीच लागत नाही. याचा अर्थ इंटरनेट निरुपयोगी झालं असा नव्हे. मोजण्याची गोष्ट बदलायला हवी एवढाच. मग प्रश्न वेगाचा होतो, वापराचा होतो, मुलं पडद्यावर नेमकं काय करतात याचा होतो.

हे सगळं तुलनेने सोपं होतं. गुंता सुरू होतो तो गरिबीचा रकाना शेजारी मांडल्यावर.

अमेरिकेत शाळेतली गरिबी मोजायची एक रूढ पद्धत आहे. दुपारचं जेवण फुकट किंवा सवलतीत मिळायला पात्र असलेली मुलं किती, हे पाहतात. १९९९ मध्ये ज्या शाळांत अशी मुलं ७१ टक्के किंवा त्याहून जास्त होती, तिथल्या फक्त ३९ टक्के वर्गखोल्यांत इंटरनेट होतं. बाकीच्या गटांत हेच प्रमाण ६२ ते ७४ टक्के होतं. गरिबी जास्त तिथे इंटरनेट कमी, हाही ऋण सहसंबंधच. पण या वेळी तो आनंदाचा नव्हता. ही दरी सरकारला दिसत होती. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ई-रेट नावाची योजना निघाली आणि १९९८ पासून तिचे पैसे शाळांना मिळू लागले. फोन कंपन्यांकडून जमणाऱ्या निधीतून तेव्हा वर्षाला २.२५ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम, आणि शाळा जितकी गरीब तितकी सवलत मोठी. सधन शाळेला २० टक्के, तर तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त मुलं जेवणाच्या सवलतीला पात्र असतील तर ९० टक्के. पुढच्या काही वर्षांत ती दरी बरीच भरून आली.

आता समजा, एखाद्या अभ्यासकाने दोन रकाने शेजारी ठेवले. एकात शाळेला मिळालेली सवलत, दुसऱ्यात मुलांचे गुण. सवलत गरीब शाळांनाच जास्त मिळते आणि गरीब वस्तीतल्या मुलांचे गुण सरासरीने कमी असतात, त्यामुळे गुणांक उणे येणार. त्यावरून कोणी म्हणालं की सरकारी मदतीने गुण घसरतात, तर ते सरळसरळ चूक ठरेल. मदत गरिबीच्या मागोमाग गेली होती, गरिबी मदतीच्या मागोमाग आली नव्हती. आणि सवलतीच्या रकान्याऐवजी इंटरनेट असलेल्या खोल्यांचा रकाना घेतला तर चिन्ह उलटू शकतं. सधन शाळांत खोल्या जोडलेल्या असतात आणि तिथल्या मुलांना घरी पुस्तकं, शिकवणी, शांत कोपरा हे सगळं असतं. तेव्हा इंटरनेट आणि गुण यांत धन सहसंबंध दिसेल आणि श्रेय इंटरनेटच्या खात्यावर जमा होईल. शाळा त्याच, मुलं तीच, पण रकाना बदलला की गोष्ट उलटी. दोन्ही वेळा खरा कर्ता तिसराच, घरची परिस्थिती, आणि तो तक्त्यात नाही.

हा तिसरा कर्ता बाजूला काढून पाहायचं काम ऑस्टन गूल्सबी आणि जोनाथन गुरियन या अर्थतज्ज्ञांनी केलं. गूल्सबी पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष झाले. त्या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या सगळ्या सरकारी शाळांची १९९६ ते २००० या काळातली माहिती घेतली. सवलतीचे टप्पे ठरलेले असल्यामुळे इंटरनेट स्वस्त झाल्यावर शाळेत काय बदलतं हे त्यांना वेगळं काढता आलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दोन निष्कर्ष आहेत. पहिला, योजनेमुळे इंटरनेट असलेल्या वर्गखोल्या, योजना नसती तर जितक्या झाल्या असत्या त्याहून सुमारे ६६ टक्के जास्त झाल्या. म्हणजे पैसा वाया गेला नव्हता, तार वर्गात पोचली होती. दुसरा, वेगवेगळ्या परीक्षांचे गुण तपासूनही त्यांच्यावर ठळक परिणाम सापडला नाही.

नगण्य संबंधाचं हे बोलकं उदाहरण आहे, आणि नेमकं हेच वाचताना सर्वांत जास्त गोंधळ होतो. किती आकड्याला नगण्य म्हणायचं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी दिलेलं ढोबळ माप आजही चालतं. ०.१ च्या आसपास क्षीण, ०.३ मध्यम, ०.५ आणि पुढे जोरदार. पण ०.३ सुद्धा ऐकायला वाटतो तितका मोठा नाही. त्याचा वर्ग केला की ०.०९ येतो, म्हणजे एका रकान्यातल्या चढउतारापैकी जेमतेम ९ टक्के भागाची जोडी दुसऱ्याशी लागते, ९१ टक्के इतर गोष्टींवर अवलंबून. वर्तमानपत्रात 'संबंध सिद्ध' असा मथळा येतो तेव्हा आत कुठला आकडा आहे हे म्हणूनच पाहावं.

आणि शून्याच्या जवळचा गुणांक म्हणजे संबंधच नाही, असंही नाही. समजा पाच मुलं आहेत. आठवड्याला शाळेत इंटरनेट वापरण्याचे त्यांचे तास ०, १, २, ३, ४ आणि त्यांचे गुण अनुक्रमे ४०, ५५, ६०, ५५, ४०. आकडे कल्पित आहेत, पण हिशेब करून पाहावा. सहसंबंध गुणांक येतो बरोबर शून्य. तरीही या मुलांच्या बाबतीत संबंध नाही असं कोण म्हणेल? थोडा वापर फायद्याचा, अति वापर तोट्याचा, हे उघड दिसतं. चढाच्या बाजूचे गुणाकार उताराच्या बाजूच्या गुणाकारांनी खोडून टाकले इतकंच. पिअर्सन यांचं सूत्र सरळ रेषा शोधतं. वळण त्याला दिसत नाही.

ही केवळ वहीतली गंमत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या संस्थेने २०१२ च्या चाचणीतली माहिती वापरून सप्टेंबर २०१५ मध्ये शाळांतल्या संगणकांवर एक मोठा अहवाल काढला. शाळांतल्या संगणक-इंटरनेटवर भरपूर खर्च केलेल्या देशांच्या मुलांमध्ये वाचन, गणित, विज्ञान या विषयांत दखल घेण्याजोगी सुधारणा झालेली दिसली नाही. पण विद्यार्थ्यांच्या पातळीवर पाहिलं तर शाळेत संगणक बेताने वापरणाऱ्यांची कामगिरी क्वचितच वापरणाऱ्यांपेक्षा काहीशी बरी होती, आणि फार वापरणाऱ्यांची, घरची परिस्थिती हिशेबात धरूनही, बरीच वाईट. तोच चढ, तोच उतार. 'इंटरनेटचा काही उपयोग नाही' आणि 'इंटरनेट जितकं जास्त तितकं चांगलं' ही दोन्ही मतं या एका आलेखापुढे टिकत नाहीत.

पोर्तुगालमधला एक अभ्यास तर थेट उताराच्या बाजूचा आहे. २००५ ते २००९ या वर्षांत तिथल्या माध्यमिक शाळांमध्ये ब्रॉडबँडचा वापर वाढला. रोद्रिगो बेलो, पेद्रो फेरेरा आणि राहुल तेलंग या तिघांनी शाळाशाळांतला वापर आणि नववीच्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण यांची तुलना केली. प्रत्येक शाळेची तिच्याच आधीच्या स्थितीशी तुलना केल्यामुळे सधन-गरीब हा फरक आपोआप बाजूला पडला. जिथे वापर फार, तिथे गुण घसरलेले सापडले. मात्र यूट्यूबसारखी संकेतस्थळं बंद ठेवणाऱ्या शाळांतल्या मुलांची स्थिती तुलनेने चांगली होती. म्हणजे दोष तारेचा नव्हता. तारेतून काय येतं, यावर बरंच ठरत होतं.

आता आपल्याकडे. भारतातल्या सुमारे पंधरा लाख शाळांची माहिती दरवर्षी यू-डायस प्लस या सरकारी नोंदणीत भरली जाते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना हे काम नवं नाही. त्यात इंटरनेट आहे की नाही, हाही एक रकाना असतो. २०१९-२० मध्ये देशातल्या २२.३ टक्के शाळांत इंटरनेट होतं. २०२१-२२ मध्ये ३३.९, २०२२-२३ मध्ये ४९.७, २०२३-२४ मध्ये ५३.९ आणि २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के. अमेरिकेने ६५ टक्क्यांचा टप्पा १९९६ मध्येच गाठला होता, तेव्हा त्यांतल्या बहुतेक शाळांत फोनवरून नंबर फिरवून मिळणारी, रेंगाळणारी जोडणी होती. आपली ६३.५ टक्के जोडणी वेगळ्या काळातली आहे, आणि करोनाच्या दोन वर्षांनंतर तिच्याकडून असलेल्या अपेक्षाही वेगळ्या आहेत.

याच यू-डायसमधली पटसंख्या घ्या. २०२१-२२ मध्ये २६.५२ कोटी, मग २५.१७, २४.८० आणि २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटी. चार वर्षांच्या या दोन रकान्यांचा सहसंबंध काढला तर तो उणे ०.९६ येतो. शाळांत इंटरनेट वाढलं आणि मुलं गळाली, असं एखादं भाषण या आकड्यावर सहज उभं राहील. प्रत्यक्षात पटसंख्येतली सर्वांत मोठी घट, १.३५ कोटींची, ज्या वर्षी दिसते त्याच वर्षी मोजणीची पद्धत बदलली. शाळेने एकूण आकडा भरण्याऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद घेणं सुरू झालं आणि दुबार नावं वगळली जाऊ लागली. शिवाय देशात जन्मदरही उतरतो आहे. इंटरनेटचा या कशाशीही संबंध नाही. दोन आकडे फक्त एकाच काळात, एक वर आणि एक खाली, चाललेले आहेत.

काळाच्या ओघात एका दिशेने जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टींत असा सहसंबंध सापडतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्येच हे दाखवलं होतं. इंग्लंडमध्ये १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्या लग्नांचं प्रमाण कमी होत गेलं आणि मृत्युदरही कमी होत गेला. दोहोंचा सहसंबंध ०.९५. त्यावरून चर्चमधली लग्नं बंद केली तर माणसं अमर होतील असं कोणी म्हणणार नाही. पण इंटरनेट, मोबाइल, पटसंख्या, गुण असे रकाने आले की आपण अशीच विधानं बिनदिक्कत करतो, कारण ती पटण्यासारखी वाटतात. पटण्यासारखं वाटणं हाच इथला धोका.

राज्याराज्यांची तुलना हा दुसरा मोह. केरळ शाळांमधल्या इंटरनेटच्या बाबतीत देशात आघाडीवर आहे आणि शिक्षणातही त्याचं नाव वरच असतं. आलेखावर केरळचा ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात बसेल आणि धन सहसंबंधाला चांगलाच हातभार लावेल. पण केरळ संपूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं १८ एप्रिल १९९१ रोजी. त्या वर्षीच्या जनगणनेत तिथली साक्षरता ८९.८ टक्के होती. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि केरळचा आयटी@स्कूल हा शालेय संगणक प्रकल्प आला २००१ मध्ये. तिथे इंटरनेट शिक्षणाच्या मागून आलं. वाचनालयं, मुलींच्या शाळा, साक्षरतेसाठी गावोगाव फिरलेले कार्यकर्ते हे सगळं आधी होतं, आणि असा समाज शाळेत संगणक मागतो आणि तो चालू ठेवतो.

राज्यांच्या सरासरीवरून मुलांबद्दल बोलणं किती फसवं असतं, याचा दाखला समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दिला होता. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत राज्यवार पाहिलं तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. सहसंबंध उणे ०.५३. पण एकेक माणूस धरून मोजलं तेव्हा तो अधिक ०.१२ निघाला. म्हणजे स्थलांतरितांत निरक्षर असण्याची शक्यता किंचित जास्तच होती. झालं होतं असं, की स्थलांतरित लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. चिन्हसुद्धा उलटलं. यू-डायसचे राज्यवार तक्ते पाहून आपल्या वर्गातल्या मुलीबद्दल निष्कर्ष काढणाऱ्याने हा दाखला जवळ ठेवावा.

'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांत मावणारी माहिती तशी तोकडीच असते. असर या पाहणीने २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं तेव्हा जवळपास ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येत होता. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो शिक्षणाच्या कुठल्या तरी कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. घरी फोन 'आहे' या एका रकान्यात ही सगळी मुलं एकत्र कोंबली, तर गुणांशी त्याचा सहसंबंध क्षीणच येणार. तो क्षीण आकडा फोनबद्दल फारसं काही सांगत नाही. आपण काय विचारायचं राहिलं, ते मात्र सांगतो.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेट या सरकारी योजनेतून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली आहे. ते द्यायलाच हवं. वीज असलेल्या आणि इंटरनेट असलेल्या शाळांमधलं अंतर अजून मोठं आहे (२०२३-२४ मध्ये ९१.८ टक्के शाळांत वीज होती आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट), आणि ज्या गावात घरी वेगवान जोडणी नाही तिथल्या मुलाला शाळेतही ती नाकारायला कुठलाही गुणांक कारण होऊ शकत नाही. पण एवढ्या शाळांना एकाच दिवशी तार पोचणार नाही. टप्पे पडणार. ते टप्पे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर आधी जोडलेल्या आणि नंतर जोडल्या जाणार असलेल्या शाळांत गरिबीचा, शिक्षकांचा, जिल्ह्याचा फरक आपोआप समसमान वाटला जाईल आणि मधल्या वर्षभरात जो बदल दिसेल तो खरोखर इंटरनेटचा असेल. पेरू देशाने लॅपटॉपच्या बाबतीत असं केलं होतं. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासात लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांना पुरेसं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. यंत्राबरोबर आणखी काय द्यावं लागतं, हे त्या देशाला नेमकं कळलं.

आपल्याकडे चिठ्ठ्या टाकणं राजकीयदृष्ट्या अवघड ठरलं तरी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. यू-डायसच्या अर्जात 'इंटरनेट आहे का' या रकान्याच्या शेजारी आणखी तीन रकाने हवेत. गेल्या महिन्यात ते किती दिवस चालू होतं, मुलांनी ते आठवड्याला किती तासिका वापरलं, आणि त्या तासिकांना शिक्षक वर्गात होते का. एवढं मिळालं तर जिल्ह्याचा शिक्षण विभाग स्वतःच्या शाळांचे ठिपके कागदावर मांडून पाहू शकेल, आणि कुठल्या शाळेला नुसती जोडणी हवी आहे, कुठल्या शाळेला आधी शिक्षक हवा आहे, हे पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक करण्याआधी त्याच्या हाती असेल.